अलाँझो टिस्डेलची बदामाची दुर्री

अलाँझो टिस्डेल आमच्या गल्लीत माझ्या घरासमोर राहायचा. अमेरिकेतल्या रिचमंड शहरात, जॅक्सन वॉर्ड या आमच्या काळ्या लोकांच्या वस्तीत घरं एकमेकांना खेटून, त्यामुळे समोरच्याचा खोकलासुद्धा आपल्याच घरातला वाटतो. तो एका सात मजली ऑफिसात लिफ्टमन होता. गोऱ्या साहेबांना दिवसभर वर न्यायचं आणि खाली आणायचं. तेवीस वर्षांत एकाही साहेबानं त्याच्याकडे मान वळवून पाहिलं नाही, सगळे दारावरच्या आकड्यांकडे बघत उभे. एकदा त्यानं मिशी काढली आणि महिन्याभरानं परत वाढवली. दोन्ही गोष्टी तिथे कोणाच्या लक्षात आल्या नाहीत. हे तो स्वतःच हसत हसत सांगायचा.

मला मात्र तो डोळ्यांसमोर नको असायचा. १९५६च्या उन्हाळ्यात, एका रविवारी, त्याच्याच ओट्यावर, त्यानं आणि त्याच्या बायकोनं, व्हर्लीननं, मला आणि माझ्या भावाला पत्त्यांत हरवलं. नुसतं हरवलं नाही, तेराच्या तेरा हात त्यांनीच केले. आमच्याकडे पत्त्यांत हरणाऱ्याला कोणी हसत नाही, पण एकही हात न करता उठणाऱ्याला मरेपर्यंत हसतात. माझा भाऊ रॉस्को चर्चचा डीकन, म्हणजे पाद्रीबाबांचा मदतनीस. तो प्रार्थनेला उभा राहिला की मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच ‘तेरा’ म्हणायचं. मी कांदे घ्यायला गेले की भाजीवाला न विचारता तेरा मोजायचा. असं अठरा वर्षं चाललं.

त्यात भर म्हणजे ते चित्र. टिस्डेलांच्या वरच्या खोलीत तेव्हा वेंडेल पेटिफर्ड नावाचा चित्रकलेचा मास्तर भाड्यानं राहत होता. त्यानं गल्लीतला रविवार लाकडावर कोरला आणि काळ्या नि लाल शाईत त्याच्या प्रती छापल्या. दोरीवर उड्या मारणाऱ्या मुली, वाळत घातलेले कपडे, कठड्यावर मांजर, आणि मधोमध पत्त्यांचं टेबल. त्यात टोपीवाला एक माणूस हात उगारून इस्पिकचा गुलाम आपटायच्या बेतात. हा अलाँझो. समोर हसणारी व्हर्लीन. घामाघूम झालेला रॉस्को. आणि एक भली थोरली पाठ. ती पाठ माझी. एवढ्या मोठ्या चित्रात माझ्या वाट्याला तोंड आलं नाही.

अलाँझोनं चौदा प्रती घेतल्या आणि घरोघरी जाऊन स्वतः खिळे ठोकून टांगल्या. न्हाव्याकडे एक, चर्चच्या तळघरात एक, प्रेतं पुरण्याची व्यवस्था बघणाऱ्या मिस्टर ग्रिग्जकडे एक. माझ्याकडेही घेऊन आला.

“कुठे लावू, ओडेसा?”

“मोरीत लाव.”

त्यानं खरंच मोरीत लावलं, आणि सरळ आहे का म्हणून दोनदा पाहिलं.

१९७४ साली रॉस्कोला नवा चष्मा लागला. न्हाव्याच्या खुर्चीत तो अर्ध्या गालाला साबण लावून बसला होता आणि समोर ते चित्र. तो बघता बघता ताठ झाला, उठला, आणि गळ्यातलं फडकं फडफडवत माझ्या दारात येऊन उभा राहिला.

“ओडेसा, त्याच्या डाव्या हातातली पानं बघितलीस कधी?”

“मी ते चित्र बघत नाही, तुला माहीत आहे.”

“टेबलावर बदामाची उतारी आहे. मी राजा टाकलाय. तो इस्पिकचा हुकूम मारतोय. आणि त्याच्या डाव्या हातात बदामाची दुर्री आहे. रंग असताना हुकूम मारला त्यानं. लबाड.”

आम्ही दोघं मोरीत गेलो. होती दुर्री. नखाएवढी, लाल, ठसठशीत.

आमच्या ओट्यांवरचा नियम कडक आहे. हातात रंग असताना हुकूम मारणारा सापडला, तर त्यानं टेबलावरून उठायचं आणि वर्षभर मागे उभं राहून खेळणाऱ्यांना मासे तळून द्यायचे. शिवाय त्याचे जुने सगळे हात रद्द. अलाँझोच्या आयुष्यात दुसरं मिरवायला होतं काय? आठवड्याचे सहा दिवस तो लिफ्टमध्ये उभा, सातव्या दिवशी त्या टेबलाशी बसलेला. तेच आता जायची वेळ आली होती.

चर्चच्या तळघरात सभा भरली. गल्लीतल्या चौदाही प्रती आणायला लावल्या, जणू एखाद्या प्रतीत तो दुर्री टाकून मोकळा झाला असेल. मिस्टर ग्रिग्जनी भिंग आणलं होतं. त्यांनी एकेक दुर्री तपासून चौदा वेळा ‘आहे’ म्हटलं.

“चित्राचं काय सांगता,” व्हर्लीन कडाडली. “चितारी काहीही काढतात.”

मग प्रश्न आला की चित्र खरं की खोटं. मांजरापासून सुरुवात झाली. न्हावी क्लिओफस म्हणाला, ते त्याचंच मांजर, उजवा कान तुटका, चित्रातही तुटका. मग वाळत घातलेले कपडे. सिस्टर हॅटी बॅस्करव्हिल (चर्चातल्या सगळ्याच बायका आमच्याकडे सिस्टर), वय ऐंशी, काठी टेकत पुढे आली, भिंगातून पाहिलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “ही चड्डी माझी आहे. मागचं ठिगळ मी स्वतः लावलंय.” पाद्रीबाबांनी खाली मान घालून ते टिपून घेतलं. ठिगळ खरं, म्हणजे चड्डी खरी, चड्डी खरी म्हणजे दुर्री खरी, असं रॉस्को म्हणाला आणि पाद्रीबाबांनी तेही टिपून घेतलं.

अलाँझो कोपऱ्यात टोपी मांडीवर घेऊन बसला होता. “मी लबाडी केली नाही,” एवढंच तो म्हणत होता, तेही लिफ्टमध्ये मजला सांगतात तशा आवाजात.

शेवटी व्हर्लीननं पेटिफर्डला शोधून काढलं. तो आता नॉरफोकला राहत होता. पुढच्या शनिवारी तो बसनं आला आणि तळघरात पुन्हा सभा भरली. टक्कल पडलेलं, बोटांना अजून शाई. त्यानं भिंग हातातसुद्धा घेतलं नाही.

“दुर्री होय? चित्राच्या त्या बाजूला लाल रंग कमी पडत होता, म्हणून घातली.”

व्हर्लीननं ‘देवा रे’ म्हणून टाळी वाजवली. रॉस्कोचा चेहरा पडला. अलाँझो सुटला होता. पण पेटिफर्डला तेवढ्यावर थांबता आलं नाही.

“त्यातलं काहीच तसं बघून काढलेलं नाही,” तो म्हणाला. “मांजर आमच्या मावशीचं होतं, सव्हाना शहरातलं. कपडे मनानंच काढले.”

“म्हणजे चड्डी?” सिस्टर हॅटीनं विचारलं.

“मनातलीच, बाई.”

“माझी चड्डी तुमच्या मनात काय करत होती?”

तळघरात गोंधळ उडाला. क्लिओफस मांजरासाठी भांडायला लागला. दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या मुली आता पोराबाळांच्या आया झाल्या होत्या, त्याही उठून उभ्या राहिल्या. अठरा वर्षं जी ती आपापल्या भिंतीवर स्वतःला बघत आली होती, आणि हा बसमधून उतरून सांगतो की तुम्ही कोणी त्यात नाहीच. मीसुद्धा उठून विचारलं, “आणि ही पाठ?” तो माझ्याकडे नीट बघून म्हणाला, “पाठ कोणाचीही असू शकते.” माझा इतका अपमान त्या तेरा हातांनीही झाला नव्हता.

तेव्हा अलाँझोनं विचारलं, “आणि टोपीवाला?”

“ते माझे काका,” पेटिफर्ड म्हणाला.

अलाँझो उठला. टोपी घातली, हात उगारला आणि हनुवटी किंचित वर करून तिरपा उभा राहिला, अगदी चित्रातल्यासारखा.

“तुम्हाला आठवत नसेल, मास्तर,” तो म्हणाला. “तुम्ही खिडकीत बसला होता. माझ्याकडे बघत होता. पुष्कळ वेळ बघत होता, म्हणून मी हात उगारून तसाच धरला, तुमचं काढून होईपर्यंत. तो मीच आहे.”

“अरे, पण मग दुर्री—” रॉस्को म्हणाला.

“दुर्रीही माझीच. केली मी लबाडी. चित्र खरं आहे.”

व्हर्लीननं त्याच्या दंडाला जोरात चिमटा काढला, तरी तो हलला नाही. पाद्रीबाबांनी निकाल लिहिला. चित्र खरं ठरलं. मांजर क्लिओफसला मिळालं, सिस्टर हॅटीला चड्डी, आणि मला माझी पाठ. लोक आपापल्या प्रती उराशी धरून घरी गेले. पेटिफर्डला बसपर्यंत पोचवायलाही कोणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, अलाँझो टेबलामागे कढईशी उभा होता. रॉस्को अठरा वर्षांनी छाती काढून खेळत होता. मी प्लेट घेऊन मासे घ्यायला उठले आणि कढईपाशी थांबले.

“अलाँझो, त्या दिवशी दुर्री माझ्याकडे होती.”

“ठाऊक आहे,” तो मासा उलटत म्हणाला. “माझ्या गुलामावर तूच टाकलीस. रागानं टाकलीस, टेबलाखाली गेली, मी वाकून उचलली.”

“मग सभेत सांगितलं का नाहीस?”

“पहिल्या सभेत तुझ्याकडे बघत होतो की. तू सांगशील म्हणून.” त्यानं माझ्या प्लेटमध्ये मासा आणि मक्याच्या पावाचा तुकडा ठेवला. “नंतर मास्तर ‘ते माझे काका’ म्हणाला. मग म्हटलं, राहू दे. लबाड तर लबाड, पण मी त्यात आहे.”

मला रडू आलं आणि त्याचाच राग आला. मी टेबलाकडे वळले, आता सगळ्यांना ओरडून सांगावं म्हणून, तर त्यानं मागून माझी बाही धरली. “बोलू नकोस, ओडेसा. परत त्या मास्तरला बोलावतील.”

मी माझे पत्ते रॉस्कोसमोर उपडे ठेवले, भिंतीवरचा दुसरा एप्रन काढून बांधला आणि कढईच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिले. वर्षभर उभी होते. कारण कोणाला सांगितलं नाही. गल्लीनं आपापसात ठरवून टाकलं की या बाईनंही केव्हातरी लबाडी केलेली असणार, आणि त्यात गल्लीचं काहीच चुकलं नव्हतं.