मागच्या वाटेने जाणाऱ्या मनूवन्सं

बांबू दोन, सुंभ, पांढरं कापड, मडकं, गोवऱ्या. सगळे मिळून सव्वासात रुपये.

मनूवन्सं गेल्या त्या सकाळी घरात आलेलं सामान एवढंच. रोजचा खर्च मीच लिहायची, म्हणून हाही मीच लिहिला.

आज त्यांची तिथी. साठाच्या वर वर्षं झाली. त्यांना पाहिलेल्यांपैकी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून इथे लिहून ठेवते. मोबाइलवर एका बोटाने टाइप करते, थकते, जप करते, पुन्हा लिहिते. वेलांट्या चुकल्या तर समजून घ्या.

मनूवन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. ऐन विशीत नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या. मी मॅट्रिक होऊन, लग्न करून मोहन्याला आले तेव्हा त्या तिशीच्या होत्या.

आमचं बिऱ्हाड हमरस्त्यावर. महादेवाचं देऊळ त्याच रस्त्याच्या टोकाला. ओट्यावरून कळस दिसायचा.

तरी वन्सं रोज सकाळी परसदारातून बाहेर पडायच्या. बांधावरून, नदीकाठाने, करंजांच्या खालून लांबचा वळसा घालून देवळाच्या मागे निघायच्या.

लग्नानंतरच्या पहिल्याच सोमवारी मला म्हणाल्या, "येतेस का, कुसुम? चपला राहू देत, दव आहे."

मी ठाण्याच्या चाळीत वाढलेली. सकाळ म्हणजे नळावरची रांग, एवढंच माहीत.

इथे भातावर कोळ्यांनी जाळी विणलेली आणि प्रत्येक जाळ्यात दव. पलीकडे उल्हास नदी. धुक्यातून आधी मलंगगडाचे सुळके वर आले. खाली डोंगर नाहीच, नुसते सुळके.

मी विचारलं, "रोज इकडूनच जाता?"

"हो. तिकडून नुसता देव दिसतो. इकडून त्याने केलेलं पण दिसतं."

मला वाटलं, किती हौशी आहेत.

मी माहेरी गेले की त्यांचं कार्ड यायचं. घरची खुशाली एका ओळीत, बाकी सगळी वाट. करंजाची फुलं पडून वाट झाकून गेली आहे. तळ्यात कुमुदं आली, पण म्हशी त्यातच बसतात.

शेवट ठरलेला. "कधी येतेस ते उलट टपाली कळव."

मग एका श्रावणात बांध खचला आणि मागची वाट बंद झाली. सोमवार होता, उपास होता. वन्सं दारात जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "चल, आज रस्त्याने जाऊ."

समोरचे अण्णा, धान्याचे दुकानदार, तेव्हाच बाहेर पडत होते. जमिनीच्या भांडणाची कोर्टात तारीख होती. त्यांनी वन्संना पाहिलं, तसेच मागे फिरले. चपला काढल्या, उंबऱ्यावर बसले, पाणी मागवून प्यायले. मग आमच्या ओट्याकडे तोंड करून म्हणाले,

"काकू, लेकीला जरा सांगा. माणसं कामाला निघतात या रस्त्याने."

सासूबाई आतूनच म्हणाल्या, "मनू, तुला ठाऊक आहे ना? मग कशाला जायचं?"

तेव्हा मला कळलं, मागची वाट कशासाठी होती ते.

विधवा समोर आली की काम होत नाही, असं मानायचे. आमच्या घरातही मानायचे. हे कारखान्यात निघायच्या आधीच वन्सं परसात गेलेल्या असायच्या. मी समजायची, तुळशीला पाणी घालतात.

वन्सं तरी भराभर चालत देवळात गेल्या. येताना म्हणाल्या, "अण्णांची केस माझ्यावर चालते हे ठाऊक नव्हतं गं. वकिलाएवढी फी मागितली असती."

मी हसले नाही. म्हटलं, "उद्यापासून मी पुढे चालते. आधी माझं कुंकू दिसेल लोकांना."

"तू पुढे चाललीस तरी मागे मी असेनच की."

थोडं चालल्यावर म्हणाल्या, "मला एकदाच या रस्त्याने सावकाश जायचंय. कोणी आत न पळता."

बांध दुरुस्त झाला. आम्ही पुन्हा मागून जायला लागलो. वाट तितकीच सुंदर होती. मला मात्र त्यानंतर ती कधी नुसती सुंदर दिसली नाही.

दोन वर्षांनी वन्सं तापाने गेल्या. चारच दिवस आजारी होत्या.

बायका स्मशानात जात नसत. मी खिडकीत उभी राहिले. सकाळची वेळ, रस्ता भरलेला. पुढे मडकं धरून हे, मागे वन्सं.

अण्णा पिशवी, छत्री घेऊन निघालेले. थांबले. चपला काढल्या, दोन्ही हात जोडले. आमच्या खिडकीखालीच शेजारच्या माणसाला म्हणाले,

"प्रेत समोर आलं. शकुन चांगला आहे. आज काम होणार."

कोणी आत पळालं नाही. सगळा रस्ता हात जोडून उभा होता.

वन्सं सावकाश गेल्या.

तेव्हापासून महादेवाला मी एकच विचारत आले आहे. अजून त्याने काही सांगितलेलं नाही. आता मीही थकले विचारून.

बांध गेला, तळं बुजलं. करंज होते तिथे कॉम्प्लेक्सचं पार्किंग आहे. नातू गाडीतून नेतो तेव्हा मी डोळे मिटून घेते. त्याला वाटतं, आजीला झोप लागली.

मनूवन्सं, तिथे सगळ्यांना एकच रस्ता असेल अशी आशा आहे. पण जवळपास नदी असली, बांधावर दव असलं, तर मला त्याच वाटेने न्या. चपला मी इथेच ठेवून येईन.

कधी निघू, ते उलट टपाली कळवा.