चिमीच्या डोलीचा बांबू

जयवंती चिडली की बोलायची बंद होते. मोखाड्याच्या बाजारात तिला खाकी वर्दीत बंदोबस्ताला उभी पाहिलेले लोक तिला शांत स्वभावाची समजतात. समजू देत. मी अकरा वर्षं तिच्या पाड्यावरच्या शाळेत मास्तर आहे आणि छातीठोकपणे सांगतो, जव्हार-मोखाडा दोन्ही तालुक्यांत तिच्याइतका डूख धरणारं माणूस दुसरं नाही. तिच्या या गुणाबद्दल मला मनापासून आदर आहे.

ती होमगार्ड आहे. पावसाळ्यात भात आणि नाचणी, आणि बोलावणं आलं की ड्यूटी. गणपती, निवडणूक, दहावीची परीक्षा, कुठंही उभं करा. वर्दीला इस्त्री करते ती तांब्यात निखारे भरून. तिचा बेहड्याचा पाडा दरीत आहे. डांबर संपतं तिथून चार किलोमीटर खाली उतरायचं, निम्मी वाट दगडांची आणि निम्मी ओहोळाची. या वाटेनं बूट वर्षभरसुद्धा टिकत नाहीत, म्हणून ती बूट पिशवीत घालून अनवाणी वर येते आणि डांबरावर बसून ते चढवते. मीही तीच वाट रोज उतरतो. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढं माझीही लाज निघणार आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत तिची धाकटी बहीण चिमी गेली. चिमी त्याच पाड्यात फागूला दिलेली. पहिलं बाळंतपण होतं, सकाळीच रक्त जायला लागलं. चौघांनी बांबूला गोधडी बांधून डोली केली आणि पावसात चढण धरली. ॲम्ब्युलन्स वेळेवर आली होती. ती वर डांबराच्या टोकाला उभी राहून हॉर्न वाजवत होती आणि तो हॉर्न चिमीला ऐकू येत होता. अर्ध्या वाटेवर उंबर आहे, तिथं खांदा बदलायला डोली खाली ठेवली, ती ठेवलेलीच राहिली. बाळही गेलं.

चौकशी झाली. आता गंमत अशी, की त्याच्या पाच महिने आधी पाड्याचा रस्ता कागदावर पूर्ण झाला होता. ठेकेदार मुकेशशेठ, आमच्याच इकडचा, आमच्याच जातीचा. वरच्या पाऊण किलोमीटरवर त्यानं डांबर ओतलं, त्याचेच चारी बाजूंनी फोटो काढले आणि पाड्यापर्यंतचा रस्ता झाला असं दाखवून मोकळा झाला. आता रस्ता आहे म्हटल्यावर बाई वाटेत मेली कशी? मग पंचनाम्यात लिहिलं गेलं, "पाड्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. नातेवाइकांनी रुग्णास प्रथम भगताकडे नेल्याने विलंब झाला." भगताकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, तिला कुणी नेलंच नव्हतं. खाली पहिली सही मुकेशशेठची. दुसरी माझी. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून, पाऊस आहे गुरुजी, पटकन करा, असं चौकशीवाले म्हणाले आणि मी न वाचता केली. वाचलं असतं तर केली नसती असं आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, आणि याचा मला संताप येतो.

जयवंतीनं तो कागद माझ्याकडून वाचून घेतला. दोनदा. दुसऱ्यांदा सही कुणाची ते विचारलं. त्यानंतर ती माझ्याशी सहा महिने बोलली नाही.

आमच्या पाड्यांवर एक रीत आहे. डोलीत माणूस गेलं तर तो बांबू घरी परत आणत नाहीत. गेलं तिथंच सोडून देतात, कुजेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. जिवंत माणूस त्या बांबूवर चढला तर मेलेलं माणूस त्याला हाक मारतं, असं मानतात. जयवंतीनं तो बांबू उंबराखालून उचलून घरी आणला. सासूनं डोकं आपटून घेतलं, पाड्यानं तोंड फिरवलं. तिनं तो वळचणीला आडवा बांधला आणि वाळवी लागू नये म्हणून दर दोन महिन्यांनी धूर देत राहिली. कशाला ठेवलास विचारलं, तर म्हणाली, "लागंल."

मग दोन हजार पंचवीसचा तो मे महिना आला. काश्मिरात पर्यटकांना मारलं होतं, आपली विमानं, क्षेपणास्त्रं सरहद्दीपार गेली होती, आणि देशभर प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द होता, बदला. डांबराच्या टोकाला जिथं नेटवर्क मिळतं तिथं पोरं मोबाइल घेऊन बसलेली असत. जयवंतीही बसायची. एक दिवस तिनं मला विचारलं, "गुरुजी, यो बदला घेतात त आधी काय करतात?"

मी म्हणालो, "आधी नकाशा बघतात. ठिकाण पक्कं करतात. मग मारतात आणि नंतर आधीचा फोटो, मारल्यानंतरचा फोटो असे शेजारी ठेवून जगाला दाखवतात."

"म्हंजे नुसता मारून भागत नाय."

"नाही. पुरावा लागतो. नाहीतर समोरचा म्हणतो, काही झालंच नाही."

तिनं मान हलवली आणि बूट चढवायला लागली.

त्याच दिवसांत युद्धाच्या रंगीत तालमीचे हुकूम निघाले. भोंगे वाजवायचे, दिवे घालवायचे, जखमींना हलवायचं. आमच्या तालुक्याचा नंबर जरा उशिरा लागला. तहसील कचेरीत बैठक झाली. होमगार्ड होते, आरोग्यवाले होते आणि अर्थातच मास्तर होते. निवडणूक मास्तर, जनगणना मास्तर, आता सुट्टीत युद्धही मास्तर. पहिल्या रांगेत मुकेशशेठ पांढऱ्या शर्टात बसला होता. जिल्हा परिषदेला उभं राहायचं त्याच्या मनात होतं. तालमीत जखमी म्हणून कोण झोपणार असं विचारताच त्याचा हात वर गेला. देशासाठी म्हणाला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पट्टी बांधलेला फोटो त्याला तेव्हाच दिसत असावा.

नवे तहसीलदार साहेब तरुण होते, तालुक्यात येऊन तीन आठवडे झालेले. ते नकाशा पसरून विचारत होते, दुर्गम भागातलं एखादं ठिकाण सुचवा, पण रस्ता हवा.

मागून जयवंती सावधान उभी राहिली. "साहेब, आमचा बेहड्याचा पाडा घ्या. रस्ता पूर्ण झालेला आहे. यादीत बघा."

साहेबांनी यादी काढली. होता. पूर्ण. "काम तुमचंच ना?" त्यांनी मुकेशशेठला विचारलं.

त्याचा चेहरा त्या क्षणी कसा झाला, ते आठवून मी अजून एकटा असताना हसतो. नाही म्हणायची सोय नव्हती. "हो साहेब," तो म्हणाला. साहेबांनी अंतर मोजलं आणि लिहिलं, पाडा ते ग्रामीण रुग्णालय, बारा मिनिटं. वेळ नोंदवायला कुणी तरी हवं होतं. जयवंती म्हणाली, "गुरुजींना द्या. त्यांनी पाड्याच्या एका कागदावर आधी सही केलेली हाय." साहेबांना वाटलं, ती माझ्या अनुभवाबद्दल बोलतेय.

तालमीच्या दिवशी सकाळी ॲम्ब्युलन्स डांबराच्या टोकाला येऊन थांबली. मुकेशशेठ उतरला, सावली बघितली आणि म्हणाला, "मी इथंच झोपतो. पाडाच आहे की हा."

मी फॉर्म पुढं केला. "शेठ, जखमीचा फोटो अंगणवाडीसमोरचा लागतो. ठिकाण आणि वेळ फोटोवर आपोआप उमटते. इथला फोटो बाद होईल." त्यानं मोबाइल काढला, साहेबांचं नाव शोधलं आणि तसाच खिशात ठेवला. फोन करून सांगणार काय होता? रस्ता नाही म्हणून? तो आमच्याबरोबर खाली उतरला. उतरताना दोनदा घसरला. त्या वाटेवर त्याचा पाय बहुधा पहिल्यांदाच पडत होता.

अंगणवाडीसमोर फोटो झाला. जयवंतीनं प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं त्याच्या दोन्ही पायांना फळ्या बांधल्या, छातीवरून पट्टा घेतला, हात बाजूला बांधले. फागू आणि पाड्यातल्या तिघांनी गोधडीची डोली केली आणि त्याला उचललं. बांबू धुरानं काळा झालेला होता. मी घड्याळ चालू केलं.

"पाच मिनिटं चला, मंग मी चालतो," मुकेशशेठ म्हणाला.

"जखमी चालत नाय, शेठ," जयवंती म्हणाली.

ऊन डोक्यावर आलं होतं. ओहोळ कोरडा होता, तरी दगडांवरून डोली तिरकी होत होती आणि दर वळणाला त्याची कंबर खडकावर घासत होती. फागू सगळ्यांत पुढं होता. तो हळू चालला नाही की मुद्दाम जोरातही चालला नाही. चिमीला नेलं तसंच नेलं. मी दर थोड्या वेळानं मिनिटं मोठ्यानं वाचत होतो. बारा झाली तेव्हा म्हणालो, "शेठ, कागदाप्रमाणे आपण आता दवाखान्यात पोचलो." मला फार बरं वाटलं.

अठ्ठावन्नाव्या मिनिटाला उंबर आला. खांदा बदलायला डोली खाली ठेवली. वरून ॲम्ब्युलन्सचा हॉर्न ऐकू येत होता.

"पाणी द्या," तो म्हणाला. जयवंतीनं पाजलं. मग त्याच्या उशाशी बसून बांबूवर हात ठेवला.

"शेठ, ही जागा वळखतस?"

"नाय."

"चिमी हिथंच गेली. याच बांबूवं."

मुकेशशेठ बंगल्यात राहतो, गाडी फिरवतो, पण वाढला आमच्यातच. त्याचे डोळे आधी बांबूवर गेले, मग फागूकडे. फागू नुसता बघत राहिला. "खोटा बोलतस तू," शेठ म्हणाला. "तो बांबू कोन ठेवतो?"

"मी ठेवला. दोन वरसा."

मग तो घाबरला. मी मोठी माणसं घाबरलेली पाहिली आहेत, पण तसं नाही. सोडा, उतरवा, जयवंती, तुला हात जोडतो, म्हणत होता आणि हात तर बांधलेले होते. त्याला घाम फुटला होता, हॉर्न वाजला की अंग आखडत होतं. मला दया यायला हवी होती. आली नाही. मला तो सगळा पावसाळी दिवस आठवला आणि आणखी घाबर असं वाटलं.

"गुरुजी," जयवंती म्हणाली, "त्या फॉर्मात उशिराचा कारन लिवायची जागा हाय ना?"

होती. रकाना नववा, विलंबाचे कारण.

"शेठ, तू सांग. गुरुजी लिवतील. भगताकं नेला म्हनून उशीर झाला का?"

तिघांपैकी एकानं विडी पेटवली. कुणाला घाई नव्हती.

"रस्ता नाय," शेवटी तो म्हणाला.

"कदी होता?"

"कदीच नव्हता. झाला नाय तो. लिव, मास्तर, आन मला काढ हिथून."

मी शब्दाला शब्द लिहिला. "पाड्यापर्यंत रस्ता नाही. कधीच झालेला नाही." जयवंतीनं त्याचा उजवा हात मोकळा केला, त्यानं सही केली. त्याखाली मी केली. या वेळी दोनदा वाचून केली आणि उंबराखालचा फोटोही काढला. मग जयवंतीनं तो हात पुन्हा बांधला.

"आता सोड की," तो ओरडला.

"डांबर यायचा हाय अजून," ती म्हणाली. "चिमी पोचली नाय. तू पोच." आणि चौघांनी बांबू खांद्यावर घेतला.

वर पोचलो तेव्हा एक तास सत्तेचाळीस मिनिटं झाली होती. साहेब स्वतः आले होते, वैतागलेले. मी फॉर्म दिला, पाड्याचा फोटो दाखवला, उंबराखालचा दाखवला. त्यांनी नववा रकाना वाचला, सह्या पाहिल्या आणि एकदा वाट जिथून खाली जाते तिथं जाऊन उभे राहिले. परत आल्यावर त्यांनी मुकेशशेठला एवढंच विचारलं, "ही सही तुमचीच?" शेठ ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर बसून पायांच्या फळ्या सोडत होता. त्यानं मान हलवली. चिमीच्या प्रकरणाची फाइल पुन्हा उघडली आहे. भगताचं वाक्य खोडलं गेलं आहे, त्याची नक्कल मी जयवंतीला वाचून दाखवली, दोनदा. रस्त्याची चौकशी चालू आहे. चालू आहे म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे.

बांबूचं सांगायचं राहिलं. त्याच दुपारी जयवंती तो खांद्यावर टाकून, बूट घालून, वर्दीत, डांबरी रस्त्यानं सहा किलोमीटर चालत मुकेशशेठच्या बंगल्यावर गेली. फाटकाच्या आत त्याची गाडी उभी होती. फाटकाबाहेर, बरोबर चाकांच्या वाटेवर तिनं बांबू आडवा ठेवला आणि गड्याला सांगितलं की ह्यो चिमीचा हाय.

गड्यानं हात लावला नाही. कामाच्या बायांनी मागच्या दारानं यायला सुरुवात केली. जेसीबीवाला पोरगाही आमच्यातलाच, तोही नाही म्हणाला. शेठनं स्वतः उचलावा, तर त्याला तो दिसला तरी घाम फुटतो असं गडी सांगतो. गाडी आतच आहे, तिचं एक चाक बसलंय. शेठ कुंपणाच्या फटीतून बाहेर पडतो आणि रिक्षानं जातो.

परवा त्याची बायको जयवंतीच्या पाया पडायला डांबराच्या टोकापर्यंत आली होती. घेऊन जा म्हणाली. जयवंती पायरीच्या दगडावर बसून बूट चढवत होती.

"वयनी," ती म्हणाली, "पाड्यात गाडी आली का त्याच गाडीत बसून येन आन उचलीन."