पॉइंटमधला कागद

माझे वडील, आण्णा, गेल्यावर त्यांची जुनी जीप माझ्याकडे आली. परवा मिरजगावात तिला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घेतलं. मेकॅनिक साजिदभाईंनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं आणि आण्णा बॉनेट उघडायचे तेव्हाचा तोच जुना, जळकट वास आला. काढलेले पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडमीट करणारे धातूचे दोन छोटे तुकडे, त्यांनी माझ्या हातावर ठेवले. "ह्यांच्या मधी कागुद सरकवला की ठिणगी बंद, ताई. गाडी चोरीला जाऊ ने म्हनून लोक मुद्दाम ठेवायचे."

खूप वर्षांपूर्वी, लग्नाआधी, नर्सिंगच्या मुलाखतीला मला नगरला जायचं होतं. "एसटीनं कशाला, मी सोडतो की," असं आण्णा आदल्या दिवशी म्हणाले होते. सकाळी जीप चालूच होईना. इस्त्रीची साडी नेसून मी अंगणात उभी, आणि ते बॉनेटखाली वाकलेले. दुपार टळली, मुलाखत हुकली. संध्याकाळी त्यांनी याच झाकणाखालून कागदाची बारीक घडी ओढून काढली आणि किल्ली फिरवताच जीप सुरू झाली. "कचरा हुता, साफ केला," ते म्हणाले.

माझ्यासाठी दिवसभर राबले म्हणून मला त्यांचीच कीव आली होती. ग्रीसनं काळे झालेले त्यांचे हात मीच गरम पाण्यानं, साबण लावून धुवून दिले होते.