वाणात दिलेला रंग

वाण परत मागायला कुणी कुणाच्या दारात जातं का? मी गेले. एक नाही, तीन दारांत गेले, तेही रथसप्तमीच्या आत, म्हणजे घरोघरी हळदीकुंकवं चालू असताना. लाज म्हणतात ती इथे सिंगापुरात बिशान स्टेशनवर सोडली आणि एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसले.

मला स्टॉकिंग्जची एक जोडी हवी होती. न घातलेली, न धुतलेली, एका विशिष्ट रंगाची. तो रंग माझ्या आईच्या पायाचा होता, आणि आई पाच महिन्यांपूर्वी पुण्यात वारली होती.

नीट सांगते, नाहीतर बाईला वेड लागलंय असं वाटेल. माझ्या लेकीला तसं वाटलंच.

मी एकोणीस वर्षं एका ब्रिटिश कंपनीत काढली. बायकांचे स्टॉकिंग्ज करणारी कंपनी. नाव सांगत नाही. सांगितलं तरी ते नाव आता भलत्याच कुणाच्या मालकीचं आहे. तांजोंग पगारला आमचं आशियाचं ऑफिस होतं आणि तिथे माझं काम रंग पास करण्याचं. गिरणीतून नमुने यायचे. सकाळी दहा वाजता, दिवे बंद करून, खिडकीशी बसायचं. अंगठ्या, बांगड्या काढायच्या, मोज्यात हात घालायचा, पंजा पसरायचा आणि मंजूर नमुन्याशी ताडून बघायचं. जमलं तर सही, नाहीतर परत. घरी नवऱ्याला वाटायचं मी मोठी फॅशनमधली बाई आहे. कपाळ माझं! दिवसभर मोज्यात हात घालून बसलेली बाई होते मी.

पण काम मला आवडायचं, अगदी मनापासून. आणि कंपनीचा इतिहासही मला तोंडपाठ होता, कारण आल्यागेल्या पाहुण्यांना तो सांगायचं काम माझ्याच गळ्यात पडायचं. इंग्लंडातल्या एका गावात एका विणकऱ्याने दोन यंत्रांवर सुरू केलेला धंदा. आधी सुती, मग रेशमी. मग लढाई आली, रेशीम पॅराशूटला गेलं, आणि तिथल्या बायका चहाच्या पाण्याने पाय रंगवून मागे पेन्सिलीने शिवणीची रेघ ओढू लागल्या. हे सांगितलं की पाहुणे हमखास हसायचे. मला कधी हसू आलं नाही. मोजे नाहीत तर नाहीत, पण उघडे पाय दिसता कामा नयेत, ही धडपड मला आपल्याच घरातली वाटायची. पुढे नायलॉन आलं, आखूड स्कर्ट आले, कंपनी वर गेली. मग बायकांनी पँट्स घालायला सुरुवात केली आणि कंपनी खाली आली. गावातली गिरणी बंद झाली, यंत्रं दुसऱ्या देशात गेली, आणि उरलेलं नाव या हातातून त्या हातात विकलं जात राहिलं.

या सगळ्या काळात कॅटलॉगमध्ये 'स्किन' नावाची एक शेड होती. कुणाची स्किन, ते विचारायचं नाही. मी विचारलं. सहा वर्षं विचारत राहिले, दर मीटिंगला, अगदी नकोशी होईपर्यंत. शेवटी इंग्लंडहून कंटाळून उत्तर आलं की बरं, एक शेड तुम्ही करून दाखवा.

तेव्हा आई-बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. मी गिरणीतून नमुने मागवले आणि घरी आणले. स्वयंपाकघराच्या खिडकीशी आईला स्टुलावर बसवलं.

"आई, साडी जरा वर घे. पोटरीपर्यंत."

"अगं बाई, कशाला?"

"तुझ्या पायाचा रंग काढायचाय. कंपनीसाठी."

आई आधी हसली, मग तिने साडी उलट खाली ओढून घेतली. आई सावळी. सावळी म्हणजे आपल्याकडे सौम्य शब्दात सावळी. तिच्या लग्नाच्या वेळी लोकांनी तो शब्द वापरला नव्हता. चार ठिकाणांहून नकार आले होते, आणि पाचव्यांदा बघायला आले तेव्हा तिच्या मामीने तिच्या कोपरापर्यंत पावडर थापली होती. बाबांनी होकार दिला, पण बाबांची आई शेवटपर्यंत म्हणत राहिली की बाकी मुलगी गुणाची आहे. त्या 'बाकी'वर आईचा सगळा संसार झाला. मी जन्मले ती बाबांवर गेले, उजळ. आजीने म्हणे पेढे वाटले.

"माझा रंग कुणाला हवाय गं?" आई म्हणाली.

"मला हवाय. बस गुपचूप."

अकरा नमुने झाले. प्रत्येक वेळी आई पायात मोजा चढवायची आणि मी फरशीवर बसून बघायची. काही राखाडी पडायचे, काही वीटकरी. बाराव्या नमुन्याला पाय आणि मोजा वेगळे दिसेनात. मोज्याची वरची कड कुठे संपते ते शोधायला मला बोट फिरवावं लागलं. आईने वाकून पाहिलं. "इश्श," म्हणाली, "छान दिसतोय की पाय." त्या वेळी ती सत्तरीला आली होती. स्वतःच्या अंगाला छान म्हणताना मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

शेड पास झाली. इंग्लंडने तिला एका मसाल्याचं नाव दिलं. आपला रंग दिसला की त्यांना मसालाच सुचतो. पण झाली. शंभरेक वर्षांच्या कंपनीत माझ्या आईच्या पोटरीचा रंग छापील कार्डावर आला.

आणि खपली नाही. कोण घेणार? इथल्या आपल्या बायकांसाठी केली, आणि त्या बायकाच दुकानात उभ्या राहून दोन शेड उजळ मागायच्या. मी स्वतः काउंटरवर उभी राहून पाहिलंय. माझ्याच ओळखीची बँकेतली बाई मला म्हणाली, "ही नको गं, यात पाय काळे दिसतात." अगं, तुझे पाय आहेत ते! मी म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं.

गेल्या वर्षीच्या संक्रांतीची गोष्ट. आई-बाबा पुन्हा आलेले. ऑफिस आवरतं घेणं चालू होतं, नमुन्यांची कपाटं रिकामी करायला सांगितलेली. फेकवत नाहीत म्हणून या शेडचे खोके मी घरी आणले होते. हळदीकुंकू दोन दिवसांवर आलं आणि वाण आणायचं माझं राहून गेलेलं. आई म्हणाली, "हेच लूट की. घरात ठेवून काय करायचंय? हसतील, पण घेतील." मी हो म्हटलं. मजा वाटली. चाळीस बायकांना तिळगूळ, हळदीकुंकू आणि एकेक जोडी स्टॉकिंग्ज. मोजता मोजता दोन कमी पडल्या, तेव्हा मी माझ्या ड्रॉवरमधल्या सही केलेल्या मंजूर नमुन्याच्या जोड्यासुद्धा काढून दिल्या. गिरणीत आहेच की मूळ, असा विचार केला. आई सोफ्यावर बसून प्रत्येकीला सांगत होती, "माझ्या पायाचा रंग आहे हो तो." बायका हसत होत्या, ती हसत होती. इतकी खुशीत मी तिला फार कमी वेळा पाहिलंय.

जूनमध्ये कंपनीचं नाव विकलं गेलं. नवीन मालकांना वेबसाइटसाठी इतिहास हवा होता, तो मी लिहिला. चहाने रंगवलेले पाय लिहिले, आणि शेवटी एक परिच्छेद आईच्या शेडचा. उत्तर आलं की मजकूर सुरेख आहे, फक्त शेवट थोडा लांबलाय, तो काढतो. शेडही काढली. गिरणीने रंगाची कृती आणि नमुने निकालात काढले. मी चिडले, पण आईला फोनवर काही बोलले नाही. वेळ आहे, भेटीत सांगू, असं वाटलं.

गणपतीत आई गेली. बाथरूममध्ये पडली आणि दोन दिवसांत संपलं. मी पोचले तेव्हा तिला खाली ठेवलेलं होतं. आणि मी, तिची मुलगी, आधी रडायचं सोडून काय पाहिलं असेल? रंग. एकोणीस वर्षांची सवय. तो तिचा रंग नव्हता. राखाडी पडलेला होता, मी नापास केला असता असा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

परत आल्यावर फोटो काढून बसले. फोनमध्ये शेकडो आहेत आणि एकातही तिचा रंग नाही. फोन लोकांना परस्पर उजळ करतात, तिलाही केलेलं. मामीच्या पावडरीचं काम आता यंत्र करतं. डिसेंबरात ऑफिस बंद झालं, मी घरी बसले, आणि एका दुपारी मला कळलं की आईचा रंग मला आठवत नाहीये. डोळे मिटले की नुसता 'सावळा' असा शब्द येत होता. मी घाबरले. मला तो रंग परत हवा होता, आणि तो मीच हौसेने चाळीस घरांत वाटून टाकला होता.

"आई, इट्स ओन्ली स्टॉकिंग्ज लाह," लेक इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली. मी तिला नको ते बोलले.

हळदीकुंकवाच्या बायकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. बहुतेकींनी हसण्याची चित्रं पाठवली. कुणी घालून फाडले होते, कुणी बदली होऊन जाताना टाकले होते. "असतील बहुधा" असं तिघींनी म्हटलं. त्या तिघींकडे गेले.

पहिली आमच्याच बिशानातली, दोन ब्लॉक पलीकडची. तिने मोठ्या उत्साहाने जोडी आणून दाखवली. "अगं, चक्क्याला काय सुंदर आहेत! पाणी कसं झरझर निथळतं. कापून घेतले मी." आईच्या पायाच्या रंगात तिने पाडव्याचं श्रीखंड केलं होतं. मी छान म्हटलं. काय म्हणणार?

दुसरी ती बँकेतली. तांजोंग पगारला जेवणाच्या सुट्टीत हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, भेटली. चेहरा पाडून म्हणाली, "सापडलेच नाहीत गं. खरं सांगू? कामवालीला दिले असतील मी." मी कॉफी न संपवता उठले. तिचा राग आला आणि त्याहून जास्त माझा.

तिसरी बुकित बातोकच्या एका इंजिनिअरची सासू. पंचाहत्तरीच्या काकू, मुलीकडे राहतात. त्यांनी दार उघडलं, मला बसवलं, पाणी दिलं. मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी कपाटातून पाकीट आणलं होतं. न उघडलेलं. चिकटपट्टीसुद्धा तशीच.

"मी कुठे घालणार, बाळ? पण तुझी आई म्हणाली होती ना, माझ्या पायाचा रंग आहे म्हणून. ठेवून दिले."

माझा बांध फुटला. परक्या घरात, परक्या सोफ्यावर मी हमसून हमसून रडले. काकू पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण परत देणार नाही हो. वाण परत घेत नाहीत." मी पर्स उचलली. तेवढ्यात त्या देवापाशी गेल्या, करंडा आणला, मला हळदीकुंकू लावलं, हातावर तिळाची वडी ठेवली आणि वर ते पाकीट ठेवलं. "हे माझं वाण. रथसप्तमी व्हायचीय अजून." मी वाकून नमस्कार केला. घरी येईपर्यंत पाकीट पर्समध्ये छातीशी धरलं होतं.

त्या दिवशी उघडलं नाही. संध्याकाळ झालेली, उजेड खोटा. दुसऱ्या दिवशी लेक शाळेत, नवरा ऑफिसात गेला. बरोबर दहा वाजता मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसले. अंगठी काढली, बांगड्या काढल्या. पाकीट उघडलं. मोजा उजेडात धरला.

काही नाही. मातकट धुरासारखं काहीतरी. एवढा तलम मोजा नुसता धरला तर त्याला रंग म्हणावा असा रंगच नसतो. म्हणून तर आत हात घालायचा. मी हात घातला, पंजा पसरला. माझा गोरटेला हात, त्यावर तो धूर, आणि दोन्ही मिळून झालेला एक रंग. नीटनेटका, बदामी. कुणाचाही असेल. आईचा नव्हता.

डावा हात घालून पाहिला. मग पायात चढवून पाहिला. पडदा सारला, पुन्हा ओढला. तलम मोज्याचा रंग आतल्या कातडीवर ठरतो, ही गोष्ट मी एकोणीस वर्षं ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी शिकवली होती. या मोज्यातून आईचा रंग यायचा तर आत आईचाच पाय हवा. मला हे माहीत होतं. मी बुकित बातोकपर्यंत गेले तेव्हाही माहीत होतं.

पाच महिन्यांपूर्वी मी तिला अग्नी देताना उभी होते, तिच्या अस्थी घेतल्या होत्या, तेराव्याला शंभर माणसांना वाढलं होतं. तरी आई गेली, हे मला त्या सकाळी कळलं.