मनोहरभाऊंनी परत मागितलेल्या कड्या

सौंसरच्या बसस्टँडजवळ मनोहर डोंगरेंचं पंक्चरचं दुकान आहे. माणूस बोलायला कमी, पण कुणी काही मागितलं तर नाही म्हणणं त्यांना जमत नाही. एकदा दुकानामागच्या टायरांच्या ढिगात त्यांना कुत्र्याचं एक भुरकं पिल्लू सापडलं. बायकोनं, मालतीबाईंनी, आधी नाक मुरडलं आणि मग त्या स्वतःच त्याला दूध-पोळी घालायला लागल्या. नाव पडलं भुऱ्या.

भुऱ्याचे दात शिवशिवायला लागले. त्यानं गिऱ्हाइकाची चप्पल फाडली, मग गाडीच्या सीटचं कव्हर. शेवटी मनोहरभाऊंनी स्कूटरच्या जुन्या टायरची गोल कडी कापून त्याच्यापुढे टाकली. तो दुपारभर ती चावत बसायचा. हे बघून गल्लीतल्या लोकांनीही आपापल्या कुत्र्यांसाठी कड्या मागितल्या. भाऊ हौसेनं कापून देत.

मागच्या हिवाळ्यात भुऱ्यानं अन्न सोडलं. पाणी प्यायला की ओकायचा, पोटाला हात लावू देईना.

"अवो, दुकान बंद करा अन् याले नागपूरले न्या," मालतीबाई म्हणाल्या.

नागपुरात जनावरांच्या डॉक्टर सुप्रिया यांनी एक्स-रे काढला. आतड्यात तारेचा तुकडा दिसत होता.

"टायर चावत होता का?"

"मीच देत होतो मॅडम. रबर तर रबरच असते ना?"

"टायरमध्ये तार असते, दोरे असतात. गिळले की अडकतात. ऑपरेशन करावं लागेल."

ऑपरेशन होईपर्यंत भाऊ बाहेरच्या बाकावर बसून होते. मालतीबाईंनी दिलेला डबा त्यांनी उघडलाच नाही.

भुऱ्या वाचला. घरी न्यायच्या वेळी भाऊंनी विचारलं, "मंग आता याले चावायले काहीच नाही द्यायचं?"

"द्यायचं तर! चावल्याशिवाय तो राहणार नाही. पण कुत्र्यांसाठीच बनवलेलं, जाड रबराचं घ्या. नखानं दाबलं तर थोडं दबलं पाहिजे, नाहीतर दात तुटतो. अख्खं तोंडात मावेल एवढं लहान नको. आत शिट्टी असलेलंही नको, ती निघाली तर गिळेल. आणि तुकडे निघायला लागले की फेकून द्या."

वाटेत त्यांनी एका दुकानात प्रत्येक खेळणं नख लावून पाहिलं. दुकानदार वैतागला. भाऊंनी दोन घेतली.

सौंसरला आल्यावर ते घरोघरी गेले आणि दिलेल्या कड्या परत मागू लागले. कुणी हसलं, कुणी मुकाट्यानं दिली. गल्लीतल्या अंबाबाई मात्र अडून बसल्या.

"आमच्या काळूले काही झालं नाही. तुमचा कुत्रा नाजूक असंल."

"मीच देल्ली होती बाई, म्हणून मीच मागून राहिलो. एकदा पाहा तरी."

अंबाबाईंनी खाटेखालून कडी ओढली. एका बाजूचं रबर कुरतडलं गेलं होतं आणि तारेचं टोक बाहेर आलं होतं. त्यांनी ती लगेच भाऊंच्या हातात दिली.

"हे घ्या बाप्पा. आता याले काय देऊ?"

भाऊंनी पिशवीतून दुसरं खेळणं काढलं. काळूनं ते हुंगलं आणि सावलीत जाऊन झोपला.

"राहू द्या," अंबाबाई म्हणाल्या. "दोन दिवसांत लागंल सवय."