दुसरी दांडी कुठे लावायची

आईच्या शेजारच्या काकू एरवी फोनवर गल्ली ऐकेल इतक्या मोठ्याने बोलतात. त्या दिवशी त्या हळू बोलत होत्या, तेव्हाच मी हातातलं काम खाली ठेवलं. त्यांची आणि आमच्या आईची बाथरूम एकाच भिंतीला लागून आहे. सकाळी पलीकडून धप्पकन आवाज आला, त्यांनी हाका मारल्या, बऱ्याच वेळाने आईने ओ दिली आणि सांगितलं, बादली पडली. एवढं सांगून काकू थांबल्या, मग म्हणाल्या, "बादली पडली की वाजती गं. ह्ये वाजलं न्हाय."

आई इंदापुरात एकटी राहते. बाबा गेल्यापासून मी तिला बारामतीला माझ्याकडे चल म्हणते आहे आणि ती "येते की" म्हणत मला झुलवते आहे. धाकटा भाऊ पुण्यात असतो. त्याची सगळी माया व्हिडिओ कॉलवर. आमच्याच गल्लीतल्या एक बाई मागे बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्या पुन्हा उठून उभ्या राहिल्याच नाहीत. त्यांना भाकरी कुस्करून भरवायला आईच जायची. अंथरुणाला खिळणं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी मी फोन केला तेव्हा ती बादलीवरच अडून बसली.

शनिवारी मी बारामतीतल्या दुकानातून आधाराच्या दोन स्टीलच्या दांड्या घेतल्या आणि एसटीत बसले. दांड्या पिशवीतून बाहेर डोकावत होत्या. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यांनी विचारलं, पडद्याच्या का? मी हो म्हणून टाकलं. खरं काय ते बोलले तर ते खरंच होईल, असं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं. बाहेर उसाचे फड मागे पडत होते आणि मला इंदापूर लवकर यावंसंही वाटत होतं आणि येऊ नये असंही.

प्लंबर दुपारी आला. पहिली दांडी कमोडच्या बाजूला, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. ड्रिल सुरू झालं, टाइलची पांढरी भुकटी फरशीवर सांडायला लागली, आणि आई पदर नाकाला लावून दारात उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की जणू भोक तिच्या घराला नाही, तिलाच पाडत आहेत. मी तिला चहा ठेवायला पाठवलं.

"दुसरी कुठं?" प्लंबरने विचारलं आणि घोळ सुरू झाला. भावाने मोबाइलच्या पडद्यावरून फर्मान काढलं, शॉवरखाली लाव. आमच्या शॉवरखाली घर बांधल्यापासून फक्त तोच उभा राहिला आहे, तोही दिवाळीला आला तर. आईचं म्हणणं, गिझरजवळ जरा उंच लावा, टॉवेल वाळत टाकायला बरं. आमच्याकडे भिंतीवर काहीही आडवं दिसलं की त्यावर टॉवेल पडतो. ते कशासाठी लावलंय, याची कुणी चौकशी करत नाही. प्लंबर बिचारा दोघांचं ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "ताई, ठरवून सांगा. टाइलला एकदा भोक पडलं की गेलं." सकाळी परत येतो म्हणून तो निघून गेला.

संध्याकाळी मी आईला म्हटलं, तू अंघोळ कशी करतेस ते मला करून दाखव. साडी नेसलेली असू दे, पाणीही नको. ती चिडली. आता अंघोळीचं बी नाटक करू का, म्हणाली. पण मी दारात ठाण मांडून बसले, तेव्हा ती आत गेली, स्टूल ओढून बसली आणि रिकामा मग खांद्यावर उपडा करायला लागली. उठताना तिचा डावा हात नळावर गेला. मी लगेच नळाच्या वर पेन्सिलने खूण केली. जागा सापडली होती. मला हायसं वाटलं.

"मग?" मी उगाच विचारलं.

"मग काय, कापडं."

आणि तिने तेही करून दाखवलं. ओला परकर छातीशी बांधलेला, असं समजायचं. त्यावरून कोरडा परकर डोक्यातून घालायचा. त्याची कड दातात धरायची. दोन्ही हात आत घेऊन ओल्याची गाठ सोडायची. तो पायाशी पडला की त्यातून एकेक पाय काढायचा. ओल्या फरशीवर, साबणाच्या पाण्यात. डोक्यातून परकर घालताना तिला काही क्षण काहीच दिसत नव्हतं, आणि भिजलेलं कापड पायात असताना दोन्ही हात गुंतलेले असणार होते. मी खुणेकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे पाहिलं. दांडी कुठल्याही भिंतीला लावली असती तरी ती धरायला तिच्याकडे हात नव्हता.

शेजारीच कोरडी खोली, पलंग, खिडकीला पडदा. मी म्हटलं, बाहेर येऊन, बसून का नाही नेसत? ती पुन्हा स्टुलावर टेकली. मी आवाज चढवला. तेव्हा ती स्टुलावर बसूनच बोलली.

"वालचंदनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरात दोन खोल्या. मोरीच्या तोंडाशी तुझ्या आज्याची खाट, पल्याड दोन दीर. मी कुठं नेसनार हुते?"

"आता कोण आहे, आई?"

"कोन न्हाय. पर वलेत्यानं भायेर पाऊल टाकवत न्हाय."

आजोबांना जाऊन जमाना झाला. त्या क्वार्टरमध्ये आता दुसरंच कुणी राहतं. आणि ती खाट मात्र अजून आमच्या बाथरूमच्या दारात होती. मला त्या खाटेचा राग आला, तिचा आला, ज्यांनी कधी उठून अंगणात जाऊन बसण्याचं मनावर घेतलं नाही त्या सगळ्या पुरुषांचा आला. रागाच्या भरात मी बोलले, एक तर पलंगावर बसून नेसायचं, नाही तर उद्या माझ्याबरोबर बारामती. ती "बघू" म्हणाली. आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

सकाळी ती अंघोळीला गेली, तेव्हा तिने आत नेऊन ठेवलेले कपडे मी आधीच गुपचूप उचलून पलंगावर आणून ठेवले होते. बाहेरच्या दाराला कडी लावली, पडदे ओढले. आतून पाण्याचा आवाज येत राहिला. मग थांबला.

"माझी कापडं?"

"पलंगावर आहेत."

मी दाराला कान लावला. थेंब पडत होते, तेवढंच. ती आत कशी उभी असेल, कशाला धरून असेल, काही कळत नव्हतं, आणि दार आतून बंद होतं. मी पुन्हा हाक मारली.

"तू भायेर जा," ती म्हणाली.

"नाही जाणार. तुझा हात धरून आणते. कडी काढ, आई."

बऱ्याच वेळाने कडी सरकली. ती मान खाली घालून बाहेर आली, छातीशी ओला परकर, आणि तिने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. मी तिला पलंगावर बसवलं आणि तिची पाठ पुसायला घेतली. जन्मात पहिल्यांदाच मी आईची पाठ पाहत होते. खांद्याखाली एक डाग काळानिळा होता. त्याच्या खाली एक हिरवट झालेला. कमरेजवळचा पिवळा पडून विरत चालला होता. माझा हात थांबला.

"आई, हे कधीचं?"

तिने कोरडा परकर मांडीवर ओढून घेतला.

"ह्यातलं कुठलं?" ती म्हणाली.