उकंडाच्या बोटीची पाती

धरणाच्या पाण्यात जुना रस्ता बुडाला, तेव्हापासून पलीकडच्या तांड्यातल्या माणसांना महागावच्या बाजाराला जायचं तर उकंडाच्या मोटारबोटीवाचून इलाज नव्हता. बोट ठेकेदाराची, चालवायची उकंडानं. तो भोयाच्या घरचा, त्यामुळे पाणी त्याच्या ओळखीचं होतं. पण त्या पाण्यात काय काय वाहून येईल ते आता कोणालाच सांगता येत नव्हतं. रानडुकरं शिरू नयेत म्हणून शेताभोवती बांधलेल्या जुन्या साड्या, ठिबकच्या नळ्या, खताची पोती, नायलॉनची दोरखंडं, सगळं पुराबरोबर यायचं आणि पाण्याच्या जरासं खाली तरंगत राहायचं. बोटीच्या पंख्याला त्यातलं काही गुंडाळलं की मोटार बंद पडायची. मग मोटार वर उचलायची, विळ्यानं कापत बसायचं. माणसं तोवर तंबाखू मळत गप्पा करायची.

सोयाबीन सोंगायच्या दिवसांत धनसिंगला नाग चावला. तांड्यातल्या पोरांनी त्याला खाटेवर घालून आणलं. बोटीत बसला तेव्हा तो बोलत होता, शीलाला म्हणजे बायकोला घरची किल्ली कुठं ठेवली ते सांगत होता. पाण्याच्या मधोमध बोट थांबली. उकंडानं मोटार उचलली तर पंख्याला ओली साडी आणि तिच्या आत दोरीचे पीळ. तो कापत राहिला. हात रक्तानं भरले. शीला मागून एकच विचारत होती, ‘‘झालं का, भाऊ?’’ पंखा मोकळा झाला तोवर धनसिंगच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या आणि जीभ जड झाली होती. काठ दिसत असतानाच तो गेला.

उकंडाला कोणी बोल लावला नाही. तेच त्याला जास्त लागलं. तो ठेकेदाराच्या मागं लागला. अशा पंख्याला पाती बसवतात, अडकलेलं आपोआप कापलं जातं, असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. अखेर ठेकेदारानं पांढरकवड्याहून विक्की नावाच्या मिस्त्रीला बोलावलं. विक्की ट्रकच्या गॅरेजात काम करायचा. त्यानं दोन पाती आणली. एक पंख्याबरोबर फिरणारं, एक जागच्या जागी घट्ट. कात्रीसारखी ती एकमेकांना घासून जायची. पाहण्यासाठी पाण्यात एक लुगडं सोडलं, त्यावरून बोट नेली. मागं चिंध्या वर आल्या. त्या दिवशी उकंडा पोटभर जेवला.

त्याची थोरली बहीण मथुराबाई याच पाण्यावर जगत होती. नवरा गेल्यापासून ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकायची आणि मासळी महागावला विकायची. वारं सुटलं की जाळं सरकत बोटीच्या वाटेत यायचं. आधी ते पंख्यात अडकलं तर मोटारच बंद पडायची. उकंडा पीळ उलगडायचा आणि जाळं बहिणीला नेऊन द्यायचा. आता मोटारीला काही कळतच नव्हतं.

एके सकाळी ती अर्धं जाळं खांद्यावर घेऊन काठावर आली. तुह्या बोटीनं कापलं का, एवढंच विचारलं. उकंडा म्हणाला, मले काही समजलंच नाही, बाई. तो खरं बोलत होता.

मग त्यानं नाना उपाय केले. जाळ्यांना लाल बाटल्या बांधायला लावल्या. भोंगा वाजवत, हळू बोट नेऊ लागला. पण पाणी उतरलं तशा बुडालेल्या बाभळी वर आल्या, बोटीला खोल पाण्याची एकच वाट उरली, आणि मासळीही त्याच खोल पाण्यात. एकाच महिन्यात तिचं जाळं पुन्हा कापलं गेलं. तुटके तुकडे तळाशी फिरत राहिले. त्यात गुंतून मेलेले मासे वर यायचे, ते कोणाच्याच कामाचे नसायचे.

शेवटी एका दुपारी उकंडा पाना घेऊन मोटारीपाशी बसला. पहिला नट सैल केला. मथुराबाई काठावरून पाहत होती. ती पाण्यात गुडघाभर आत आली.

‘‘काढू नोको,’’ ती म्हणाली. ‘‘धनसिंगले उतरवलं तवा मी इथंच होती.’’

‘‘मंग तुह्या जाळ्याचं काय करू, बाई?’’

‘‘थे मले काय माहीत. मी कुठी जाऊ, थे तूच सांग.’’

उकंडानं ठेकेदाराला आधीच सांगून पाहिलं होतं, त्यानं जाळीच वाटेत टाकू नका म्हटलं होतं. दुसऱ्या भोयांनाही विचारलं होतं, त्यांनी तेवढ्यापुरती मान हलवली होती. नट त्यानं पुन्हा आवळला. आवळताना मथुराबाई समोरच उभी होती, म्हणून त्यानं मान वर केली नाही.

कापूस वेचायला बाया लागतात म्हणून तांड्याकडच्या शेतांतून सांगावा आला, तेव्हा मथुराबाईनं ट्यूब एका पुतण्याला देऊन टाकली. पहाटे ती इतर बायांबरोबर घाटावर आली. उभ्या आयुष्यात ती त्या बोटीत बसली नव्हती. पलीकडे जायचं तर ट्यूबवरून आपली आपण जायची. बोटीचा काठ धरून आत चढली आणि परक्या माणसासारखी उभी राहिली.

‘‘कुठी बसू?’’ तिनं विचारलं.

उकंडानं समोरच्या फळीवरचं दव गमछ्यानं पुसलं आणि जागा दाखवली. ती बसली. बाया आपसांत बोलत होत्या. तिला काहीतरी म्हणावं असं त्याला फार वाटलं. त्यानं दोरी ओढून मोटार चालू केली, आणि त्या आवाजात आता काही बोललं तरी तिला ऐकू गेलं नसतं.